जुन्या कापडाची खोली

राजवाड्यात खजिन्याखाली एक खोली होती. फाटके पडदे, विरलेल्या चादरी, मेलेल्या नोकरांचे सदरे तिथे येऊन पडत. त्या खोलीचा मी कोठारी. घरी बायको मला "चिंध्यांचे सरदार" म्हणायची, आणि तिचं फारसं चुकत नसे.

त्या दुपारी राजाचा चाकर धापा टाकत जिना उतरून आला. सगळे त्याला एबद-मलेख म्हणत. त्याचा अर्थच राजाचा चाकर. दूर देशातून विकत आणलेला माणूस. आईबापांनी त्याला काहीतरी नाव ठेवलं असणारच, पण वाड्यात ते विचारायची कुणाला गरज पडली नव्हती. मलाही नाही.

"काका, चिंध्या द्या. म्हाताऱ्याला आडातून काढायचंय."

शत्रूने शहराला वेढा घातला होता. हा म्हातारा संदेष्टा लोकांना सांगत फिरायचा की शहर पडणार आहे, शरण जा, निदान जीव तरी वाचतील. चार सरदारांनी राजाकडे तक्रार केली. राजा म्हणाला, "तुमच्यापुढे माझं काय चालतंय?" मग त्यांनी म्हाताऱ्याला आडात सोडलं. आडात पाणी नव्हतं, नुसता चिखल. तो त्यात रुतत चालला होता. ऐकून आम्ही सगळे हळहळलो. मी तर जेवतानाही हळहळलो.

हा चाकर मात्र थेट राजासमोर जाऊन उभा राहिला होता. राजा त्यालाही हो म्हणाला, वर तीस माणसं दिली.

"मग लवकर आटप," मी म्हणालो. "सरदार पुन्हा भेटले तर राजा त्यांनाही हो म्हणेल."

"म्हणून तर पळत आलो. द्या चिंध्या."

अडचण माझी होती. राजाच्या हुकमावर वरच्या खजिन्यातलं नवं कापड देता येत होतं. जुनं कापड मात्र एकदा माझ्या खोलीत आलं की तीन अधिकाऱ्यांसमक्ष जाळायचं, एवढाच नियम. ते कुणी मागायला येईल, हे नियम लिहिणाऱ्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"नवं रेशीम देतो. लागेल तेवढं ने."

"रेशीम घसरतं, आणि नवं सूत काचतं. काखेत धरायचंय, दोराच्या आत. त्याच्या अंगावर मांस उरलेलं नाही."

"तीस जण ओढणार आहेत. कापडाचं काय एवढं?"

"ओढणाऱ्याला काही होत नाही, काका." त्याने सदरा बाजूला केला. काखेपासून छातीपर्यंत एक जुना, चकाकणारा वण होता. "मला जहाजावर असंच चढवलं होतं."

मी नियमांची वही मिटली, किल्ली मेजावर ठेवली आणि म्हणालो, "मला जरा तहान लागलीय." आयुष्यातलं माझं सगळ्यात मोठं धाडस ते हेच, आणि तेही मी पाठ फिरवून केलं.

मग मीही पहाऱ्याच्या चौकात, त्या आडापाशी गेलो. तिसांपैकी दोराला हात लागले होते आठांचे; बाकीचे हुकूम सोडत होते. एक जण तर वाड्याच्या खिडक्यांतून आपण नीट दिसतोय ना, हेच पाहत होता. चाकर पोटावर पडून आडात डोकं घालून बोलत होता. चिंध्या त्याने टाकल्या नाहीत. दोराला बांधून अलगद सोडल्या.

"बाबा, आधी चिंध्या काखेत धरा, मग दोर. सावकाश. काही घाई नाही."

घाई किती होती, ते त्याला आणि मला ठाऊक होतं.

म्हातारा वर आला. अंगभर चिखल, पण कुठे खरचटलं नव्हतं. तिसांनी एकमेकांच्या पाठी थोपटल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच माझा मेहुणा कोठारात हजर. तो एका सरदाराचा लेखनिक.

"भावोजी, सरदार खवळलेत. राजाच्या माणसांना हात लावता येत नाही, म्हणून बाकी कुणी मदत केली ते शोधतायत. तुमच्याकडून चिंध्या गेल्या म्हणे?"

"उंदरांनी खाल्ल्या."

"एवढ्या?"

"वेढा आहे. उंदरांनी तरी दुसरं काय खायचं?"

"लिहू तसं? खोटं निघालं तर आडातली जागा रिकामीच आहे. मग ताई माझ्याशी जन्मभर बोलणार नाही."

"लिही."

तो लिहीत होता, तेवढ्यात चाकर जिना उतरून आला. हातावर त्याच चिंध्या, स्वच्छ धुतलेल्या, घड्या घातलेल्या. परत करायला आणलेल्या.

त्याने मेहुण्याकडे पाहिलं, लेखणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय रे ते?" मेहुण्याने विचारलं.

"फडकी. फरशी पुसायला आलोय."

तो गुडघ्यांवर बसला. इतक्या निगुतीने धुतलेली घडी त्याने माझ्या घागरीतल्या पाण्यात बुडवली आणि कोपऱ्यापासून पुसायला लागला. कालपासून तो झोपला नसावा. चाकर फरशी पुसतोय यात मेहुण्याला लिहून घेण्यासारखं काही दिसलं नाही. उंदरांवर शाई वाळवून, कागद गुंडाळून तो निघून गेला.

आता दोघंच होतो. राहू दे, ऊठ, असं म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पुसत पुसत तो माझ्या मेजापाशी आला आणि थांबला.

मी पाय वर घेतले.