साहेबांचं पाणी

बायको जाऊन चार महिने झाले होते. टाकीतल्या पाच माशांचे तीन राहिले, तेव्हा ऑपरेटरचं डोकंच फिरलं. बत्तीस वर्षं त्याने पाणीपुरवठ्याच्या फिल्टर हाउसमध्ये काढली होती. रिटायर होऊनही लोक त्याला ऑपरेटरच म्हणत. अख्ख्या गावाला पाणी पाजलेल्या माणसाला दोन हात लांबीच्या काचेच्या टाकीतलं पाणी नितळ ठेवता येत नव्हतं.

टाकी बायकोची, मासेही तिचेच. सगळ्यात थोराड नारिंगी माशाला ती साहेब म्हणायची. बाकीचे दाण्यांवर तुटून पडायचे. हा मात्र सगळ्यांच्या मागून, उपकार केल्यासारखा वर यायचा.

ती गेल्यावर मेव्हणीने, म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीने, मासे मागितले होते. तिच्याकडेही टाकी होती. तुम्हाला नाही जमायचं, असं ती तोंडावर म्हणाली. गावाचं पाणी सांभाळलं, पाच माशांचं सांभाळता येणार नाही का, असं चारचौघांत सुनावून त्याने तिला वाटेला लावलं. तेव्हापासून बोलणं बंद होतं.

सुरुवात झाली फिल्टरच्या पेटीपासून. काही आठवड्यांपूर्वी त्याने ती उघडली होती. आत काळा, बुळबुळीत स्पंज होता. बायको तो टाकीतल्याच जुन्या पाण्यात दोनदा पिळायची आणि तसाच परत ठेवायची. चिखलात चिखल धुतेस, म्हणून तो तिला चिडवायचा. त्याने मात्र स्पंज नळाखाली धरला आणि पिवळाधमक होईपर्यंत चोळला. आठवड्यात पाणी दुधासारखं झालं आणि पाचांतले दोन मासे गेले.

मग तो माशांच्या दुकानात गेला. दुकानदाराने सिरॅमिकच्या रिंगा, कोळशाची पिशवी आणि पांढरा कापूस दिला. सगळं एकदम कोंबू नका, असंही बजावलं. पण फिल्टर हाउसमध्ये वाळूचा थर जितका जाड तितकं पाणी चांगलं, हे ऑपरेटरच्या हाडीमाशी मुरलेलं. त्याने सगळं ठासून भरलं. झाकण लागेना, म्हणून सुतळीने करकचून बांधलं. पंप घरघरला आणि पाण्याची धार बिघडलेल्या नळासारखी थेंबाथेंबावर आली. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करू लागले. साहेबसुद्धा.

त्याने पुन्हा पेटी उघडली, सगळं नळाखाली धुतलं, पुन्हा भरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी झाकण हातातून सुटून बोटावर आदळलं, तेव्हा त्याने झाकणाला, पंपाला आणि दुकानदाराला अशा शिव्या घातल्या की बायको असती तर दुसऱ्या खोलीत निघून गेली असती.

तावातावाने तो दुकानात गेला. दुकानदाराने शांतपणे एवढंच विचारलं, की स्पंज कशाने धुता. नळाने, म्हटल्यावर त्याने कपाळाला हात लावला. स्पंजात डोळ्याला न दिसणारे जीव असतात, माशांची घाण तेच पचवतात, नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ते मरतात, असं त्याने समजावलं. नव्या मालात ते वस्तीला यायला महिना-दीड महिना लागतो. जुन्या चालू टाकीतला न धुतलेला स्पंज मिळाला तर लवकर जमेल. दुकानातल्या टाक्यांत मात्र सध्या औषध टाकलेलं होतं, म्हणून तिथला स्पंज चालणार नव्हता.

क्लोरीन. गावाच्या शेवटच्या नळापर्यंत ते पुरतंय की नाही, हे ऑपरेटर स्वतः तपासायचा आणि पुरलं की खूश व्हायचा. माशांसाठी पाणी एक दिवस बादलीत ठेवायचं, एवढं तो न चुकता करत होता. स्पंजाचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

जुनी टाकी असलेलं एकच घर त्याला माहीत होतं. मेव्हणीने दार उघडलं, पण ती दारातच उभी राहिली.

"किती उरले?" तिने विचारलं.

"तीन. साहेब वरच आहे, श्वास घेत."

"मग नेऊ का आता?"

"मासे नको. तुझ्या फिल्टरमधली घाण दे थोडी."

ती बघतच राहिली. "आयुष्यभर पाणी स्वच्छ केलंत भावोजी, आणि आता माझ्या दारात घाण मागायला आलात?"

त्याने मान खाली घातली. ती आत गेली, कात्रीने स्पंज अर्धा कापला आणि टाकीच्याच पाण्यात बुडवून डब्यात घालून आणला. तिची टाकी सुरू केली तेव्हा ताईने असाच अर्धा कापून दिला होता, असं ती डब्याचं झाकण लावताना म्हणाली. मग तिने अट घातली.

"आठ दिवसांनी येते. तोवर साहेब खाली गेला नाही तर टाकी माझी. आणि हा नळाखाली धरलात तर याद राखा."

घरी आल्यावर स्पंजाला पेटीत जागाच नव्हती. त्याने कापूस आणि कोळसा उपसून काढला, रिंगा तेवढ्या ठेवल्या. काळा तुकडा बसवला आणि झाकण सुतळीशिवाय लागलं. धार मोठी झाली. पाणी मात्र दुधासारखंच, आणि साहेब वरच.

रोज चौथा हिस्सा पाणी बदलायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही, असं मेव्हणीने निघताना बजावलं होतं. हेच त्याला जमेना. तिसऱ्या दिवशी पेटी उघडून बघायला हात शिवशिवायला लागले, तेव्हा त्याने तीच सुतळी आणून बंद झाकणाला सात गाठी मारल्या. पाचव्या दिवशी चार सोडल्या, स्वतःवरच वैतागला, आणि परत बांधल्या.

आठव्या दिवशी मेव्हणी आली. पाणी अजून धुरकट होतं. तिने सुतळीकडे बघितलं. चिमूटभर दाणे टाकले. दोन मासे खालून झेपावले. साहेब तळाशी दगडाजवळ होता. दाणे संपत आले तरी हलला नाही, आणि ऑपरेटरने खुर्चीचा हात घट्ट धरला. मग साहेब निघाला, सावकाश, सगळ्यांच्या मागून.

मेव्हणीने दाण्यांचा डबा बंद करून जागेवर ठेवला आणि पदराने डोळे पुसत चहा टाकायला आत गेली.