उजव्या कडेचा कुर्ता

निशानं भरल्या ताटावर दुसरं ताट पालथं घातलं आणि ते संगणकाच्या टेबलावर, माऊसला खेटून, आदळलं. आमटीचा थेंब उडून पडद्यावर बसला.

बुद्धभूषणनं तो बोटानं पुसला.

"बघ, हा डाग निघाला. तो मात्र निघत नाही."

तो म्हणजे फोटोतल्या उजव्या कडेचा जांभळा रंग. रविवारपासून घरात दुसरा विषय नव्हता.

रविवारी वाघोलीला त्यांच्या मुलाच्या, प्रज्ञेशच्या, नव्या फ्लॅटमध्ये बुद्धवंदना झाली. रिवाजाप्रमाणे झाडून सगळे पांढऱ्या कपड्यांत आले होते. वंदना झाल्यावर सगळ्यांचा मिळून एक फोटो काढायचं ठरलं. शेजारच्या माणसानं मोबाइल पुढे केला, तर बुद्धभूषणनं हात आडवा धरला. फोटो त्याच्याच कॅमेऱ्यानं निघणार होता. फोटोंचा नाद त्याला जुनाच, पण निवृत्तीनंतर त्यानं कुणाचा तरी वापरलेला एक डिजिटल कॅमेरा घेतला होता. तो आपोआप फोकस करत नसे. डोळा लावायच्या चिमुकल्या खिडकीत एकाच माणसाच्या दोन आकृत्या दिसत, आणि लेन्सचं कडं फिरवून त्या एकमेकींवर बसवाव्या लागत. हॉल अरुंद, मागे सरकायला भिंत, म्हणून त्यानं वाइड लेन्स लावली, जवळूनही सगळं मावणारी. पण तेवढं रुंद त्या खिडकीत दिसत नव्हतं, म्हणून कॅमेऱ्याच्या डोक्यावर काचेची आणखी एक खिडकी चढवली. मग खालच्या खिडकीला डोळा, वरच्या खिडकीला डोळा, पुन्हा खालच्या.

"दाजी," निशाचा भाऊ पोपट रांगेच्या डाव्या टोकाहून ओरडला, "तुमचा फोटो निघेपर्यंत पोराच्या फ्लॅटचे हप्ते फिटतील."

"हलू नकोस."

"श्वास घेऊ का?"

तेवढ्यात दीक्षा आणि अरफात आले. लेक आणि जावई. दोन वर्षांपूर्वी त्यांनी कोर्टात लग्न केलं, त्या दिवशी बुद्धभूषण कर्वेनगरच्या घराबाहेर पडला नव्हता. त्यानंतर दीक्षा एकटीच येई आणि स्वयंपाकघरात आईपाशी बसून परत जाई. अरफात कधी आला नव्हता. त्याला कुणी ये म्हटलंच नव्हतं. रविवारचं बोलावणंही प्रज्ञेशचं होतं. कुठं उभं राहावं ते न कळून अरफात दारातच घुटमळला, तेव्हा सुनेनं, पूर्वानं, दोघांना हाताला धरून रांगेच्या उजव्या टोकाला नेलं. त्याच्या अंगात पांढराशुभ्र कुर्ता होता. दीक्षानं रिवाज सांगितला असणार.

बुद्धभूषणनं खिडकीवरचा डोळा काढला नाही.

"उजवीकडचे, थोडं आत या," एवढंच म्हणाला.

आणि फोटो आला तो असा. मधले सगळे पांढरे. डावीकडे पोपट शेवाळासारखा हिरवा. उजवीकडे अरफातचा कुर्ता कोकम सरबतात बुडवून काढल्यासारखा, आणि त्याचा खांदा ताणून ताणून दाराएवढा झालेला.

असं का होतं, हे निशाला आता पाठ झालं होतं. कॅमेऱ्याच्या कंपनीची वाइड लेन्स परवडण्यातली नव्हती, म्हणून यानं दुसऱ्याच कंपनीची घेतली. ती कॅमेऱ्यावर चपखल बसते, पण कॅमेरा तिला ओळखत नाही. वाइड लेन्समधून कडेचा उजेड आत फार तिरका पडतो आणि रंग बिघडतो. आपल्या लेन्सचा बिघाड कॅमेरा स्वतःच सावरून घेतो, परकीचा नाही. मग यानं लेन्सच्या मागच्या कड्यावर, कंपनीच्या लेन्सवर ओळखीचे असतात तसे, काळ्या मार्करनं ठिपके काढले, म्हणजे कॅमेऱ्यानं तिला आपलीच समजावं. कॅमेरा फसला. जांभळा रंग काही फसला नाही. आता संगणकावर कडेचा जांभळा काढला की मधली माणसं आजारी दिसायला लागत, आणि ती बरी केली की कुर्ता पुन्हा जांभळा.

फोन वाजला. पोपट होता. निशानं स्पीकर लावला.

"ताई, दाजींना सांग, नाव पोपट ठेवलं म्हणून माणसाला हिरवं करायचं नसतं. त्यांनी पाठवलेला फोटो बघून आमच्या सोसायटीतले मला कावीळ झाली का विचारतायत."

"कावीळ पिवळी असते."

"तेच मी त्यांना सांगितलं. बरं, प्रज्ञेशला फोटो हॉलमध्ये लावायचाय. दोन्ही बाजू थोड्या कापा म्हणावं आणि सोडा विषय. मी गेलो तरी चालेल. मी काय, दहा फोटोंत असतोच."

निशानं फोन ठेवला. दोन्ही बाजू थोड्या. डावीकडचं थोडं म्हणजे पोपट. उजवीकडचं थोडं म्हणजे दीक्षा आणि अरफात. शेजारच्या माणसानं शेवटी मोबाइलवर फोटो काढलाच होता आणि तो घरच्या ग्रुपवर फिरत होता. त्यात रांग पूर्वापाशी संपली होती. तिच्या पलीकडे दीक्षाचं नुसतं कोपर. त्याखाली दीक्षानं छान म्हणून अंगठ्याचं चित्र टाकलं होतं. ते चित्र निशाला येता-जाता टोचत होतं.

"जेवा आधी," ती म्हणाली.

"थांब जरा."

पडद्यावर आता फोटो नव्हता, नुसती अरफातची बाही होती, भिंतीएवढी मोठी केलेली. बुद्धभूषण तिच्याकडे डोळे बारीक करून बघत होता. रविवारपासून तो असाच बघत होता. तो लेन्सवर चिडलाय की बाहीवर, हे निशाला कळत नव्हतं, आणि विचारायचा आता तिला कंटाळा आला होता.

"मग कापा एकदाचं!" ती म्हणाली. "मनात तेच आहे ना? कापा, फ्रेम करा, हॉलमध्ये टांगा. सगळेच सुटतील."

माऊसवरचा हात थांबला. बुद्धभूषणनं खुर्ची वळवली.

"कापायचं असतं तर ही लेन्स कशाला लावली असती? साधी पुरली असती. हिचं सगळं मोल कडांचं आहे."

"कडा, कडा, कडा! माझं डोकं फिरायची वेळ आली."

"मूळचा पांढरा केवढा पांढरा होता, तेच कळत नाहीये. कुर्ता समोर असता, तर त्याच्याशी ताडून रंग लावला असता."

"तुमचा सदरा वाळतोय दोरीवर. पांढराच आहे."

"सदऱ्याचा पांढरा वेगळा."

"माझी साडी?"

"साडीचा वेगळा. तोच कुर्ता पाहिजे." तो पुन्हा पडद्याकडे वळला. "आणि अंगात घातलेला पाहिजे. घडीवर उजेड वेगळा पडतो."

निशा त्याच्या पाठीकडे बघत राहिली. मग तिनं ओले हात पदराला पुसले आणि फोन उचलला.

"दीक्षा, अगं, रविवारचा कुर्ता घालून अरफातला इकडे पाठव म्हणतायत."

"कोण म्हणतंय?"

"पप्पा."

पलीकडे फोनपासून लांब, दबक्या आवाजात दोघांचं काहीतरी बोलणं झालं.

"आई, तो कुर्ता त्याच्या भावाचा होता. तो घेऊन गेला सोलापूरला. ह्याच्याकडे पांढरा नाहीये. फिकट निळा आहे. पप्पांना विचार ना, चालेल का?"

निशानं फोनवर तळवा दाबला. आता झालं, असं तिच्या मनात आलं. रविवारपासून या माणसाला घरातला एकही पांढरा चालला नव्हता.

"तो कुर्ता नाहीये," ती म्हणाली. "फिकट निळा आहे. चालेल का विचारतायत."

बुद्धभूषणनं चष्मा काढला, सावकाश पुसला, परत लावला. काचा आधीच स्वच्छ होत्या.

"चालेल," तो म्हणाला. "तूही ये म्हणावं दीक्षाला. येत्या रविवारी, बाराच्या सुमाराला. तेव्हा उजेड बरा असतो."

भर बाराच्या उन्हात शहाणा माणूस कॅमेरा बाहेर काढत नाही, हे निशा लग्नापासून त्याच्याच तोंडून ऐकत आली होती. तिनं तळवा काढला आणि फोन कानाला लावला.

"दीक्षा," ती म्हणाली, "अरफातला तिखट कितपत चालतं गं?"