उजव्या तळहाताचे ठिपके

रेशीम हातात घेण्याआधी मंजुश्रीनं उजवा तळहात ज्वारीच्या पिठात दाबला, आणि अंजूला आत कुठंतरी गोड वाटलं.

दोघी बहिणींच्या तळहातांना लहानपणापासून घाम यायचा. साधा नव्हे, टपकणारा. दुबलगुंडीच्या शाळेत फुगडीला त्यांचा हात कुणी धरत नसे, म्हणून दोघी एकमेकींशीच खेळत. परीक्षेत पेपर भिजू नये म्हणून आई हाताला ज्वारीचं पीठ लावून पाठवायची. पुढं मंजुश्रीचं लग्न ठरलं, तेव्हा अप्पांनी तिला हैदराबादला नेलं आणि छातीतली घामाची नस कापून आणली. अंजू थोरली, पण तिचं काही जमलं नव्हतं. "तुझं बी बघू," अप्पा म्हणाले होते. ते बघणं राहूनच गेलं.

आता अंजू हुमनाबादच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायची; खडू हातात ओला व्हायचा. पलीकडच्या गल्लीत मंजुश्री नवऱ्यामुलींच्या ब्लाउजांवर आरीचं भरतकाम करायची. 'मंजूचा हात कोरडा, रेशमाला डाग न्हाई,' हे अंजूनं दोन वर्षं ऐकून घेतलं होतं.

"पीठ कामून लावायलीस?"

मंजुश्री दचकली. "उन्हाळा हाय की, अक्का."

"उन्हाळा एकाच हाताला?"

धाकटीनं दार लोटलं. "दोन महिने झाले, उजवा भिजायलाय. ह्यांना सांगितलं न्हाई. तू सायन्सवाली, तूच बघ."

अंजू घरी जाऊन आयोडीनची बाटली घेऊन आली. मंजूच्या कुठल्याच कामाला ती इतक्या लगबगीनं धावली नव्हती. मंजूचे दोन्ही तळहात धुऊन पुसले, आयोडीन फासलं, वाळू दिलं, वर साबुदाण्याचं बारीक पीठ भुरभुरलं. घाम येईल तिथं निळंकाळं होणार होतं.

उजव्या हातावर मधल्या बोटाखाली एक ठिपका उमटला. मग अंगठ्याजवळ तीन. अजून, अंजू मनात म्हणाली, अजून एक.

"काय झालंय गं?"

"नस कापली तरी टोकं जिवंत राहू शकतात. कधी कधी वर्षा-दोन वर्षांत पुन्हा वाढतात, जुनी वाट धरतात. उजवीकडं तसंच झालं असंल. पक्कं डॉक्टर सांगतील." तिनं वर्गात सांगावं तसं सांगितलं. आवाज आनंदी येऊ नये एवढंच जपलं.

मंजुश्रीच्या डोळ्यांतून पाणी आलं. "नेत्रावतीअक्काच्या लेकीचा लग्नाचा ब्लाउज परवा द्यायचाय. ऑपरेशन झाल्यापास्नं हातांचा घाम पाठीवर गेलाय, ती तर रोजच भिजायलीय. पदराखाली दिसत न्हाई म्हणून कुणाला बोलले न्हाई. हात तेवढे बरे होते."

पाठीचं अंजूला ठाऊक नव्हतं. काहीतरी बोलायला हवं होतं. पण तिची नजर डाव्या हातावर गेली. एकही ठिपका नाही. पीठ शिंपडलं तसंच, पांढरं, कोरडं.

"हा तर चांगलाच हाय की अजून," असं म्हणून तिनं तो हात ओढून घेतला. बोटांच्या बेचक्यांतही पाहिलं.

मंजुश्रीचं रडणं थांबलं. तिनं बहिणीच्या तोंडाकडं नीट पाहिलं. "अक्का, तुला बरं वाटलं व्हय?"

अंजूनं खाली पाहिलं. कोरड्या तळहातावर निळेकाळे डाग पसरत होते. अंजूच्याच ओल्या बोटांचे.

"वाटलं," ती म्हणाली.

मंजुश्रीनं डावा हात सोडवून घेतला आणि पदराखाली झाकला.