छताजवळचे हिरवे दिवे

सिमेंटच्या कारखान्याच्या धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड वायू पकडायचा आणि रिकाम्या झालेल्या गॅसच्या विहिरीत दाबून भरायचा, अशी ती योजना. ती परवडते का आणि निसर्गाला झेपते का, हे सांगायला मला पाठवलं होतं. खर्चाचं गणित बसत होतं. खालचा खडकही भक्कम वाटत होता. संध्याकाळपर्यंत होकार द्या म्हणून कारखान्याचे साहेब सकाळपासून हात धुऊन मागे लागले होते. चाचणी म्हणून थोडं भरणं सुरूच होतं; होकार मिळाला की ते दाब दुप्पट करणार होते. घाई करणाऱ्या माणसांचा मला तिटकारा आहे, पण नाही म्हणायला कारण सापडत नव्हतं.

दुपारी ताईकडे जेवायला गेलो. कामगारांची वसाहत विहिरीच्या उताराखाली, खोलगट जागेत. भावोजी त्याच विहिरीवर फिटर. अर्धं आयुष्य तिच्यातून गॅस काढला, आता तिच्यात कार्बन भरत होते. दारातच त्यांनी मला मान वर करायला लावली. छताला चिकटून एक डबी होती आणि तिच्यावर हिरवा दिवा.

"घराघरात लावल्यात, मेहुणेबुवा. जरा गळती झाली की लाल! सगळ्या माझ्या हातच्या."

"छान," मी म्हणालो. पोटात कावळे ओरडत होते, डबीकडे नीट कोण बघतो!

मांजर कपाटावर बसून आमच्याकडे बघत होतं.

"फाजील लाड," ताई म्हणाली. "हल्ली खाली उतरतच नाही. दूधसुद्धा वर द्यावं लागतं." तिने कपाळ दाबलं. "वाकून केर काढला की माझंही डोकं धरतं. वय झालं, दुसरं काय."

भाचीसाठी मी लाकडी घोडा आणला होता. ती दिसेना.

"पाळणाघरात आहे, खालच्या गल्लीत. गुणी झालीय रे आता. आधी घर डोक्यावर घ्यायची, आता सतरंजीवर टाकली की गप झोपते."

मला बरं वाटलं. घोडा काढायला मी पिशवी जमिनीवर ठेवली आणि आतलं गॅस मोजायचं मीटर किंचाळायला लागलं. पिशवी उचलली, ते गप्प झालं. पुन्हा ठेवली, पुन्हा किंचाळलं.

भावोजी हसले. "बिघडलंय तुमचं खेळणं. वर बघा, हिरवाच आहे."

"डब्या एवढ्या उंच का लावल्या?"

"म्हणजे? गॅस वरच जातो. जन्मभर तिथेच लावत आलोय."

"तो जुना गॅस, भावोजी! हा हवेपेक्षा जड आहे. पाण्यासारखा खाली साचतो."

हसू त्यांच्या तोंडावर तसंच राहिलं. ताईने आधी मांजराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पाळणाघर," ती म्हणाली. "ते तर आणखी खाली आहे."

आम्ही अनवाणीच धावलो. देवा, ती रडत असू दे, एवढंच मनात होतं. गल्ली संपली तरी कसलाच आवाज आला नाही.

पाळणाघराच्या दारात उंच स्टुलावर आया बसली होती. तिच्या मागे, छताजवळ, दोन हिरवे दिवे होते. आम्हाला बघून तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," ती कौतुकाने पुटपुटली. "सगळी झोपलीत."