हवेची नळी

“मॅडम, तुमच्या रिपोर्टानं कमाल केली,” वाळूजच्या त्या ॲल्युमिनियमच्या कारखान्याचे मॅनेजर प्रेरणाला भट्टीकडे नेता नेता म्हणाले. “कॉम्प्रेसर निम्मा वेळ बंदच राहतो आता. हे बघा, हवेच्या सगळ्या नळ्या काढल्या. बायांना ब्रश दिलेत.”

प्रेरणाने पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला.

कारखान्यात वीज कुठे वाया जाते ते शोधून देणं, हे तिचं काम. मागच्या खेपेला ती इथे आली तेव्हा भट्टीशेजारी बायका ओतलेल्या भागांच्या कडा घासत होत्या. धातूचा कीस उडवायच्या नळीने मधूनच गळ्यावर, पाठीवर हवा घेत होत्या. पुंडलिकनगरात पंख्याखाली वाढलेल्या प्रेरणाला तिथे घेरीच आली. तेव्हा त्या बायकांतल्या मुक्ताबाईने उठून तिला आपल्या स्टुलावर बसवलं होतं.

“डोळे झाका, मॅडम. ही हवा घ्या, लई गार हाय. आमी बी हिच्यावरच दिवस काढतो.”

प्रेरणाने ती हवा पोटभर घेतली, वर त्यांच्यातला चहाही प्यायली. आणि घरी जाऊन रिपोर्टात लिहिलं, ‘अंग गार करण्यासाठी दाबाच्या हवेचा गैरवापर. त्वरित थांबवावा.’ खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते हेच. हिचा तर धंदाच मोजण्याचा! तिथे पंखे बसवा, एवढी एक ओळ लिहायला काय जड गेलं असतं? पण ती तिला सुचलीसुद्धा नव्हती.

फोन आला म्हणून मॅनेजर बाहेर गेले. मुक्ताबाई त्याच स्टुलावर होती, घामाने पाठ चिंब. प्रेरणा दिसताच ती हसली आणि खोक्याचा फाटका पुठ्ठा उचलून तिला वारा घालू लागली.

“बसा मॅडम. नळी नाय राहिली आता. कुनी सायबाचे कान भरले, काय म्हाईत.”

प्रेरणाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प बसली असती तरी खपून गेलं असतं. पण तो वारा तिला सोसेना.

“मावशी, ते मीच लिहिलं होतं.”

पुठ्ठा थांबला.

“व्हय?”

“पंख्यांचं लिहिते आता. आजच लिहिते.” प्रेरणाला आपलाच आवाज खोटा वाटला.

“लिहा,” मुक्ताबाई म्हणाली. रागावली नाही, की हसलीही नाही. तिने पुठ्ठा आपल्याकडे वळवला आणि पदर सैल करून स्वतःच्या गळ्यावर वारा घेत बसली.