ऑगस्टची घंटा

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे. पत्र्याची, बसकी, एका बाजूने चेपलेली. अलाबामातल्या एका लोहाराने मला गाईच्या गळ्यासाठी घडवलं. पण माझा आवाज इतका दांडगा, की गाय बिचारी स्वतःच दचकायची! मग तिच्या मालकाने, हॉलिस आजोबांनी, मला तिच्या गळ्यातून सोडवलं आणि फुटबॉलच्या कामाला लावलं; अमेरिकेतला फुटबॉल, चेंडू हाताने फेकायचा.

आजोबांचं सगळं घर हार्मन कॉलेजच्या संघाचं. टोप्या लाल, शर्ट लाल, कुत्र्याचा पट्टासुद्धा लाल. नदीपलीकडचं कॅस्टन कॉलेज पिवळं, आणि बहुतेक वेळा हरणारं. पण ऑगस्ट उजाडला, की पहिला सामना व्हायच्या आधीच कॅस्टनवाल्यांना आशेचे असे काही धुमारे फुटायचे, की विचारू नका! त्यावरूनच आमच्या अंगणात एक रिवाज पडला. पीच फळांची रिकामी पेटी उपडी घालायची आणि कॅस्टनच्या माणसाला तिच्यावर चढवायचं. त्याने यंदाच्या आशा बोलून दाखवायच्या आणि प्रत्येक आशेला आजोबांनी मला दणकून वाजवायचं. जिला घंटा वाजली नाही, ती आशा सगळ्यांनी खरी मानायची. पण तशी वेळ कधी आलीच नाही.

पेटीवर चढायचे ते शेजारचे प्रुइट काका.

"यंदा आमचा बचाव पोलादी आहे!"

ठण्!

"गेल्या वर्षीही पोलादीच होता की!" आजोबांचा मुलगा डेल ओरडायचा. "पावसात गंजला वाटतं!"

प्रुइट काका स्वतःच सगळ्यांत जास्त हसायचे. तळलेले मासे ताटात गार व्हायचे, आणि लोक मला थोपटत म्हणायचे, "काय खणखणीत घंटा आहे!"

पुढे आजोबांची बायको, हॅटी आजी, वारल्या. आजोबांनी मला गॅरेजात खिळ्याला टांगलं. कुंभारमाशीने माझ्या पोटात मातीचं घर बांधलं. ऑगस्ट यायचे, जायचे. मी मुकीच.

शेवटी नात एफी मला शोधत आली. तिने चमच्याने माती खरवडली, मला तेल लावलं आणि थेट आजोबांच्या हातात दिलं. अंगण पुन्हा भरलं! पण प्रुइट काका लेकीकडे टेक्ससला राहायला गेले होते.

"घ्या! आता टिंगल कोणाची करायची?" डेल म्हणाला. "कोणीतरी भाड्याने आणा रे एक कॅस्टनवाला!"

तेवढ्यात एफीच पेटीवर चढली. केसांना पिवळी रिबीन!

"अगं उतर, तू आपली ना?"

"मी कॅस्टनची, मामा. आई तिथे शिकते."

खरंच होतं ते. तिची आई, आजोबांची लेक रूथॅन, तिथे नर्सिंग शिकायला लागली होती, तिसऱ्यांदा. आधी दोनदा शिक्षण अर्धवट सुटलं होतं. घरात कोणी तोंडावर काही बोलायचं नाही, पण नजरा बोलायच्या. व्हरांड्यात कलिंगड कापणाऱ्या रूथॅनची सुरी तिथेच थांबली.

"यंदा आमचंच साल!" एफी गरजली.

ठण्!

"आमचा पोरगा चेंडू नदीपार फेकतो!"

ठण् ठण्!

"फेकतो ना! आमच्याच हातात!" डेल म्हणाला आणि अंगण हसून लोळायचं बाकी राहिलं. माझं तर अंग आनंदाने झणझणत होतं.

एफीने मोठा श्वास घेतला. "आणि यंदा माझी आई नर्स होणार."

सवयीने आजोबांचा हात वर गेला. मी हललेसुद्धा. त्याच क्षणी त्यांनी दुसऱ्या हाताने माझा लोलक मुठीत घट्ट धरला.

कोणी हसेना. एफी आजोबांकडे बघत राहिली.

"बाबा, वाजवा की," डेल हळूच म्हणाला.

"कशाला? खरंच आहे ते."

रूथॅनने पाठ फिरवली आणि ॲप्रनने डोळे पुसले.

"म्हणजे कॅस्टन जिंकणार, तेही खरं?" एफीने उडी मारून विचारलं.

अहाहा! मग आजोबांनी मला असं काही बडवलं, की कुत्रा टेबलाखाली पळाला आणि रूथॅन रडता रडता खदखदून हसायला लागली.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखी घंटा असेल, तर तिला गंजू देऊ नका. तेल लावा, खूप वाजवा, एकमेकांची भरपूर टिंगल करा. फक्त लोलकाजवळ एक हात मोकळा ठेवा.