फाटकापर्यंत आलेली गाडी

"आजी, तू जन्मभर पोटापाण्यासाठी काय केलंस गं?"

टॅन्सीनं विचारलं आणि हातातला पीच टेबलावर ठेवून दिला. पळायची वेळ आलीच तर हात मोकळे असलेले बरे.

प्रश्न तिचा नव्हताच. सांता रोझाच्या शाळेतल्या मेबल आणि योसेलिन या दोघींनी सुट्टी लागायच्या दिवशी पैज घातली होती. तुझी आजी हंबोल्टच्या डोंगरात राहते ना, मग तिला तोंडावर विचारून दाखव, तर तू खरी. टॅन्सी या वर्षात भलतीच धीट झाली होती. नाटकात तिनं राणीचं काम केलं होतं, गणिताच्या सरांची चूक भर वर्गात दाखवली होती, आणि आता आपल्याला कशाचीच भीती वाटत नाही असं तिचं पक्कं मत झालं होतं. पण डोंगरावर हा प्रश्न कुणी कुणाला विचारत नाही. लग्नाच्या जेवणात एखाद्या नवख्या पाहुण्यानं शेजाऱ्याला 'आपण काय करता' असं विचारलं, तर टेबलावरचे काटेचमचे थांबतात. तिचे बाबा, रोवन, याच डोंगरावर वाढले. त्यांनी लहानपणी 'माझी आई' या निबंधात आई रजया शिवते असं लिहिलं होतं. त्या वर्षी वर्गातल्या निम्म्या मुलांच्या आया रजयाच शिवत होत्या, आणि बाईंनी सगळ्यांना चांगले गुण दिले होते.

आजीची सुरी थांबली नाही. सालीची लांबलचक फीत खाली लोंबत राहिली.

"मैत्रिणींनी पढवून पाठवलंय वाटतं."

"हो."

"मग सांग त्यांना, आजी रजया शिवते."

"आजी, तुला सुईत दोरा ओवता येत नाही."

आजी हसली. हसता हसता मध्येच तिचा श्वास अडकला आणि हात मांडीवर दाबून ती तशीच बसून राहिली, कळ ओसरेपर्यंत. मग तिनं खिडकीतून वर आभाळाकडे पाहिलं. पूर्वी उन्हाळा सरताना तिथून पोलिसांची हेलिकॉप्टरं यायची. आता तिथं दोन गिधाडं तेवढी घिरट्या घालत होती. तरी तिनं आवाज खाली आणला.

"झाडं लावली. गांजाची. तुझ्या बापाचे बूट, त्याच्या दातांच्या तारा, त्याचं कॉलेज, सगळं त्या झाडांनी केलं."

हे टॅन्सीला माहीत नव्हतं असं नाही. घरात सगळ्यांनाच माहीत होतं, पण कुणी ते कधी म्हटलं नव्हतं. म्हटल्यावर ती गोष्ट एकदम मोठी झाली. समोर बसलेली ही काटकुळी बाई, हेलिकॉप्टरच्या खाली, रानात पाण्याचे पाइप ओढत नेणारी, पोराला शाळेत पोचवून परत येऊन झाडांशी बोलणारी, ती खरोखर हीच होती तर. पैज जिंकल्याचं टॅन्सीच्या लक्षातही आलं नाही.

पण त्या आठवड्यात घरात खरा प्रश्न वेगळाच होता. आजीला रक्ताचा कर्करोग होता. औषधांनी तो आटोक्यात आला, पण हाडांमध्ये दुखणं ठेवून गेला. दवाखान्यातल्या गोळ्या घेतल्या की तिच्या डोक्यात कापूस भरल्यासारखं व्हायचं आणि अन्नाचा वाससुद्धा नको व्हायचा. किटली उचलणं जमेना, झोप तर कधीचीच रुसली होती. रविवारी रोवन आणि आई, लिडिया, टॅन्सीला न्यायला येणार होते, आणि उतार पडलेला नसला तर आजीलाही. सांता रोझाच्या एका वृद्धाश्रमात त्यांनी खोली बघून ठेवली होती. आजी फोनवर 'बरं' म्हणाली होती. आजी कुणाला बरं म्हणणाऱ्यांतली नव्हती.

डॉक्टरांनी शेवटचा एक उपाय सांगून ठेवला होता, आणि तो ऐकून आजीला हसावं की रडावं कळेना. गांजाचं तेल घ्या, म्हणाले, जिभेखाली थेंब थेंब. पण परवान्याच्या दुकानातलं, प्रयोगशाळेत तपासलेलंच घ्या. तुमच्या रक्तात आता लढायची ताकद नाही, डोळ्यांना न दिसणारी बुरशीसुद्धा फुप्फुसात घर करील. म्हणजे जुन्या मित्रांनी मायेनं आणून दिलेल्या गांजाच्या बरण्या फडताळात होत्या, आणि त्या उघडायची सोय नव्हती.

गांजा आता कायदेशीर झाला होता. दुकान खाली गावात होतं आणि ते माल घरपोच देत होतं. आजीनं सोमवारीच फोन लावला. आपलं नाव फर्न असं सांगितलं, आणि नदीच्या पुलापाशी वळणावर हिरवा पिकअप ट्रक उभा असेल, दोनदा दिवे लावीन, तेव्हा या, असंही सांगितलं. अशा गोष्टी तिच्या सगळ्या हयातीत अशाच झाल्या होत्या. पलीकडची मुलगी गोड होती. ती म्हणाली की आजी, वळणावर आम्हाला देता येत नाही, कायदा घराच्या दारात द्या म्हणतो. पूर्ण नाव सांगा, घराचा पत्ता सांगा, आणि गाडी आली की ओळखपत्र दाखवा. आजीनं फोन असा खाली ठेवला, जणू तो तापलेला तवा होता.

"पत्ता म्हणे. या डोंगराला पत्ता नव्हता म्हणून आम्ही वाचलो."

फर्न, म्हणजे नेचा, हे तिचं खरं नाव नव्हतं. डोंगरावर आलेल्या प्रत्येकानं एखाद्या झाडाचं, पाखराचं नाव घेतलं होतं आणि जुनं नाव खाली टाकून दिलं होतं. तिचं मूळ नाव काय, हे टॅन्सीलाही ठाऊक नव्हतं. तेही विचारायचं नसतं. दिवसभर टॅन्सीनं आजीचं डोकं खाल्लं, तेव्हा संध्याकाळी आजीनं वॉल्टची गोष्ट सांगितली. वॉल्ट पलीकडच्या खोऱ्यातला, पाइप जोडायला तिला त्यानंच शिकवलं. एका भल्या दिसणाऱ्या माणसानं वाण्याच्या दुकानात त्याच्या घराचा रस्ता विचारला, आणि कुणीतरी चांगुलपणानं सांगितला. तो माणूस पोलिसांचा निघाला. वॉल्ट तुरुंगात गेला तेव्हा त्याची मुलगी रांगत होती. सुटून आला तेव्हा ती त्याला 'अहो' म्हणाली.

पण टॅन्सीची धिटाई नवीन होती, ती तिला थांबू देईना.

"आजी, सांता रोझाच्या त्या खोलीला पत्ता आहे. दारावर नावाची पाटीसुद्धा लावतात, मोठ्या अक्षरात. खोली विसरणाऱ्या म्हाताऱ्यांना सापडावी म्हणून."

आजीनं तिच्याकडे असं पाहिलं की टॅन्सीला वाटलं, संपलं, आता उद्याच घरी पाठवील. ती रात्र तशीच गेली. भिंतीपलीकडून आजीच्या येरझारा ऐकू येत होत्या. सकाळी आजी म्हणाली, जा, टोमॅटोंना पाणी घाल. काल संध्याकाळीच घातलंय असं टॅन्सी म्हणाली. परत घाल, आजी म्हणाली, आणि फोन आत नेऊन दार लावून घेतलं. टॅन्सीनं टोमॅटोंचं तळं करून टाकलं.

दुकानाची गाडी शुक्रवारी दुपारी आली. साधी, करड्या रंगाची, वर नाव नाही, चिन्ह नाही. टॅन्सी आधीच धावत फाटकाशी जाऊन उभी होती. गाडीतून एक जाडजूड, हसऱ्या चेहऱ्याची बाई उतरली. तिनं आपलं नाव ओफेलिया सांगितलं, आधी शाळेची बस चालवत होते हेही सांगितलं, आणि हा रस्ता ज्यानं केला त्याला एकदा माझ्या बसमध्ये मागच्या बाकावर बसवायला हवं, असंही म्हणाली.

टॅन्सीनं पिशवीसाठी हात पुढे केला. ओफेलियानं पिशवी पाठीमागे नेली.

"तुझं वय काय गं पोरी?"

"सोळा. म्हणजे होईल."

"मग तू याला बोटसुद्धा लावायचं नाहीस. ज्यांच्या नावावर आहे त्यांना बोलाव."

टॅन्सीनं हाक मारली. उत्तर नाही. ती घरात गेली. स्वयंपाकघर रिकामं, शेगडी बंद, मागचं दार सताड उघडं. ती मागच्या रानात धावली, पाण्याच्या टाकीला वळसा घालून चढावर, आणि तिथं एका जुन्या रेडवुडच्या बुंध्याआड तिला आजी दिसली. खोडाला पाठ लावून, श्वास रोखून, ती उभी होती. जिला किटली उचलवत नव्हती ती आजी हा चढ कशी चढली, देव जाणे.

"आजी, ती आलीय."

"माहितीय."

"मग?"

आजीनं आपल्या पायांकडे पाहिलं. खोडी काढणाऱ्या परक्या पोरांकडे पाहावं तसं.

"गाडीचा आवाज ओळखीचा नव्हता. पाय आपोआप निघाले." तिचा चेहरा घामानं भिजला होता. "तिला सांग, इथं फर्न नावाचं कुणी राहत नाही."

टॅन्सीला खूप काही बोलायचं होतं. नाटकातल्या राणीला अशा वेळी लांबलचक भाषण होतं. पण तिला एकही वाक्य आठवेना. पन्नास वर्षांची भीती तिच्यासमोर उभी होती, आणि ती आजीपेक्षाही म्हातारी दिसत होती. तिनं फक्त आपला हात पुढे केला, आणि म्हणाली,

"वॉल्टला धरून नेलं ती गाडी वेगळी होती आजी. ही तुला विचारून आलीय."

आजीनं हात धरला. त्या मुठीत एवढं बळ होतं की टॅन्सीची बोटं कळवळली.

दोघी खाली आल्या तेव्हा ओफेलिया फाटकाला टेकून आरामात उभी होती. माझी निघायची वेळ झालीय खरी, ती म्हणाली, पण तुम्ही घाबरू नका बाई, या डोंगरावर सगळे असंच करतात. मागच्या खेपेला एक आजोबा कपाटातून बाहेर आले, कोट घालूनच. आजीला हसू आलं, पण ते ओठांवर टिकलं नाही. तिनं झग्याच्या खिशातून गाडी चालवायचा परवाना काढला. तो ती नेहमी पाकिटात उलटा ठेवत असे.

"पूर्ण नाव सांगा."

वारा पडला होता.

"डोरथी एलेनोर हाफनर," आजी म्हणाली. पहिल्यांदा घसा खाकरावा लागला. मग तिनं ते पुन्हा म्हटलं, मान वर करून, गरजेपेक्षा मोठ्यानं, म्हणजे दरीत पलीकडे कुणी असेल तर त्यालाही ऐकू जावं. "डोरथी हाफनर. हे माझं घर."

टॅन्सी बघतच राहिली. रोज दिसणाऱ्या डोंगराच्या मागे आणखी एक डोंगर आहे, हे कुणीतरी पडदा सारून दाखवावं तसं तिला झालं. ओफेलियाला यातलं काही दिसलं नाही, किंवा दिसलं असलं तरी तिनं ते दाखवलं नाही. तिनं परवाना उजेडात धरला.

"फोटोत वेणी काय सुरेख आहे तुमची. इथं सही करा, डोरथीबाई."

बस, एवढंच. सही झाली, पिशवी आजीच्या हातात आली, आणि करडी गाडी रस्त्याला शिव्या देत उतरून गेली. कुणी हातात बेड्या घातल्या नाहीत, कुणी रोपांवर कोयता चालवला नाही. पोस्टमननं पार्सल द्यावं तसं झालं. आजी फाटकाशी उभी राहून धुळीकडे पाहत राहिली.

बाटलीबरोबर प्रयोगशाळेचा कागद होता. आजीनं चष्मा लावून तो पायरीवर बसून वाचला, एखादी पोथी वाचावी तशा श्रद्धेनं. बुरशी नाही. कीटकनाशक नाही. शिसं नाही. तेल कुठल्या शेतावरचं, कधी काढलेलं, सगळं छापलेलं.

"शेतकऱ्याचं नाव दिलंय बघ," ती म्हणाली आणि त्या नावावरून तिनं अंगठा फिरवला. "आडनावासकट. वॉल्टला हे दाखवायला हवं होतं गं."

वॉल्टला जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिनं कागदाची नीट घडी घातली. टॅन्सी तिच्या शेजारी बसली. बोलायची तिला एरवी कोण घाई असते, पण त्या दिवशी तिला वाटलं, आपण आता एखाद्या फार मोठ्या जागी आहोत, इथं हळू श्वास घ्यावा.

तेलानं काही चमत्कार केला नाही. पहिल्या रात्री काहीच झालं नाही, आणि आजी म्हणाली, आमच्या काळचा माल बरा होता. शनिवारी तिनं डॉक्टरांनी सांगितलेले थेंब पुन्हा घेतले. रात्री उशिरापर्यंत येरझारा ऐकू आल्या, आणि मग थांबल्या. दुखणं गेलं नाही, आजी सकाळी म्हणाली, पण मागच्या खोलीत जाऊन बसलंय, दार ओढून. मग तिनं एक अंडं खाल्लं, मग आणखी एक, आणि टोस्टला लोणी कमी लावलं म्हणून टॅन्सीला बोलली.

रविवारी दुपारी आईबाबा आले. बाबांनी गाडीच्या मागच्या भागात रिकामी खोकी आणली होती, आजीच्या सामानासाठी. आईनं खोलीचे फोटो दाखवायला फोन बाहेर काढला. दोघंही जोरजोरात बोलत पायऱ्या चढले, आणि वर येऊन थबकले.

ओसरीवरच्या खुर्चीत आजी झोपली होती. मान कलली होती, तोंड किंचित उघडं, एक चप्पल पायातून सुटलेली. भर दिवसा, रस्त्याकडे तोंड करून. बाबांनी तिला अशी झोपलेली आयुष्यात पाहिली नसावी, कारण ते खोकं हातात धरून नुसतेच उभे राहिले.

टॅन्सीनं ओठांवर बोट ठेवलं आणि त्यांना पायरीवर बसायची खूण केली. ती दोघं निमूट बसली. मग ती त्यांच्या पुढ्यात उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली,

"डोरथी कुठं जाणार नाहीये. तिची खोली रद्द करा. आणि माझं नाव इथल्या शाळेत घाला, मी तिच्यापाशी राहणार आहे."